विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्र विभागाचा इतिहास लिहायचाय? मग आधी कपाटं उघडा

विभागाला पन्नास वर्षं होत आली की एक मीटिंग होते, स्मरणिका काढायचं ठरतं, संदेश कुणाकुणाचे घ्यायचे यावर तासभर जातो आणि उठता उठता "विभागाचा इतिहास, चार पानं" हे काम कुणातरी एकाकडे दिलं जातं. आमच्या विभागात ते माझ्याकडे आलं. मी तिथलीच एम.एड.ची विद्यार्थिनी, पुढे अध्यापक विद्यालयात नोकरी केली, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल असं वाटलेलं. चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय कारण हे काम दरवर्षी कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात कुणाकडे तरी येतंच आणि प्रत्येकजण पहिल्यापासून चाचपडतो.

सगळ्यात आधी नावाचा घोळ मिटवा. "शिक्षण विभाग" म्हटलं की लोकांना मंत्रालयातला किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आठवतो, झेडपी, शिक्षणाधिकारी वगैरे. आपला तो शिक्षणशास्त्र विभाग, शिक्षक तयार करणारा, बी.एड.-एम.एड.वाला. त्यातही प्रत्येक विद्यापीठाची बोली वेगळी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात अधिविभाग म्हणतात, नांदेडला संकुल, जळगावला प्रशाळा. आणि विद्यापीठांची नावंही बदललेली आहेत. पुण्याचं विद्यापीठ १९४९ ला सुरू झालं तेव्हा कागदोपत्री युनिव्हर्सिटी ऑफ पूना होतं, मग पुणे विद्यापीठ, २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये मिळालं. हे सगळं तुम्हाला माहीत असेलच पण लायब्ररीच्या कॅटलॉगला ते माहीत नसतं, तिथे जुन्या नावाने शोधलं तर जुनं सापडतं. म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर विद्यापीठाची, विभागाची आणि कोर्सची सगळी जुनी-नवी नावं लिहून काढा. कोर्सचं नाव विसरू नका हं, आजचं बी.एड. हे जुन्या लोकांसाठी बी.टी. होतं, घरांच्या पाट्यांवर "बी.ए., बी.टी." असं लिहिलेलं आठवत असेल तुम्हाला, आणि १९५५ च्या अहवालात "बी.एड." शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही आणि तुम्ही समजाल की कोर्सच नव्हता.

दुसरं काम म्हणजे आपला विभाग कुठल्या झाडाची फांदी आहे ते बघणं. जुन्या स्मरणिकांमध्ये हा भाग नेहमी एकसारखा असतो, नालंदा-तक्षशिला, मग सावित्रीबाई, मग थेट आपला विभाग. फुले दांपत्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच वाटतं की त्यांचं नाव असं पायरी म्हणून वापरू नये. खरी साखळी काय आहे ती लिहा, ती पुरेशी रंजक आहे.

ती साधारण अशी. १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या शिक्षण धोरणाच्या पत्रात, दोन गोष्टी होत्या, विद्यापीठं काढा आणि शिक्षक तयार करायची सोय करा. पण त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रस्त्याने गेल्या. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला झालं पण ते कितीतरी दशकं फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं, शिकवणं कॉलेजांचं काम. आणि शिक्षक तयार करणं हे सरकारच्या शिक्षणखात्याचं काम, नॉर्मल स्कूल, ट्रेनिंग कॉलेज असं. म्हणजे शिक्षकाचं प्रशिक्षण हा विद्यापीठाचा विषयच नव्हता! १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या काळात शैक्षणिक धोरणाचा ठराव आला, त्यात माध्यमिक शाळांसाठी पदवीधर शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजांवर भर होता, आणि १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं, तेच आपलं एस.टी.सी. मग मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. सुरू केलं आणि १९४३ मध्ये शिक्षणशास्त्रातली पहिली पीएच.डी. दिली, देशातली पहिली. पुण्यात टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन १९४१ चं.

मग विद्यापीठांच्या आवारातले विभाग का आणि कधी वाढले? इथे कोठारी आयोग येतो, अख्ख्या देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणारा, १९६४ ते ६६. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगाने स्पष्ट म्हटलं की शिक्षक-प्रशिक्षण तीन बाजूंनी एकटं पडलंय, विद्यापीठापासून तुटलेलं, शाळांपासून तुटलेलं आणि ही प्रशिक्षण कॉलेजं एकमेकांपासूनही तुटलेली. उपाय म्हणून शिक्षणशास्त्र हा स्वतंत्र ज्ञानविषय माना, निवडक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राच्या स्वतंत्र शाखा काढा अशी शिफारस होती. तुमचा विभाग सत्तरच्या आसपासचा असेल तर त्याच्या मंजुरीच्या प्रस्तावात या आयोगाची भाषा दिसते का ते आवर्जून बघा. आमच्याकडे प्रस्तावाच्या दुसऱ्याच पानावर होती, जवळजवळ शब्दशः. ते पान हातात आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा विभाग कुणाच्या तरी डोक्यातून, एका विचारातून आलाय, नुसत्या जीआरमधून नाही.

आता प्रदेशाप्रमाणे कागद कुठे असतील ते बदलतं, हे लक्षात ठेवलं नाही तर सहा महिने वाया जातात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरचं कुठलंही जुनं बी.टी. कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, १९४९ नंतर पुण्याला, १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर तिकडे, आणि सोलापूरवाल्यांचं तर २००४ पासून आणखी वेगळं. मराठवाड्यात १९५८ च्या आधीचं सगळं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात, आणि उस्मानियाचं माध्यम सुरुवातीला उर्दू होतं, म्हणजे उर्दू वाचणारं कुणीतरी सोबत हवं. विदर्भात नागपूर विद्यापीठ १९२३ चं, पण तिकडच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे जुने धागे जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजपर्यंत जातात कारण तेव्हा मध्य प्रांत एकच होता, आणि अमरावती १९८३ ला वेगळं झालं. गोव्यात विद्यापीठ १९८५ ला झालं, त्याआधी तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती, पणजीच्या आल्तिन्होवरची निर्मला इन्स्टिट्यूट १९६३ ची आहे म्हणजे तिची पहिली वीसेक वर्षं मुंबईच्या कागदांत सापडणार.

स्थापनेची तारीख: एक नाही, चार-पाच असतात

यावर भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर. आमच्या दारावरच्या पाटीवर एक साल होतं, विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात पहिली तुकडी त्याच्या पुढच्या वर्षी दिसत होती आणि एक निवृत्त सर शपथेवर सांगत होते की वर्ग त्याच्याही आधी दुसऱ्या विभागाच्या दोन खोल्यांत भरायचे. तिघंही बरोबर होते! कारण विभाग एका दिवसात सुरू होत नाही. विद्या परिषदेत ठराव होतो ती एक तारीख, कार्यकारी परिषदेची मंजुरी ती दुसरी, सरकारने किंवा यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पदं मंजूर केली ती तिसरी, पहिली तुकडी बसली ती चौथी, स्वतःची इमारत मिळाली ती पाचवी. यातली कुठली "स्थापना" धरायची हे तुम्ही ठरवू नका. सगळ्या तारखा ओळीने लिहा, कुठली कशाची ते सांगा, आणि पाटी जशी आहे तशी राहू द्या. आम्ही सुरुवातीला एकच निवडायला गेलो आणि त्यात दोन माजी विभागप्रमुख दुखावले, मग सगळ्या दिल्या तर दोघांनीही फोन करून आणखी कागद आणून दिले.

आणि विलीनीकरणाची नोंद विसरू नका. अनेक ठिकाणी आधी "विस्तार सेवा" नावाचं काम असायचं. १९५५ पासून प्रशिक्षण कॉलेजांमध्ये विस्तार सेवा केंद्रं निघाली, म्हणजे नोकरीतल्या शिक्षकांसाठी शिबिरं, चर्चासत्रं, वाचनालय वगैरे. ही केंद्रं नंतर कशात मिसळली, कुठे बंद पडली याचा माग लागला तर विभागाचा गावाशी असलेला संबंध कळतो. पुण्याला आजही विभागाच्या नावात विस्तार हा शब्द आहे.

कागद कुठे असतात

जिथे कुणी बघत नाही तिथे. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि विद्यापीठ कॅलेंडर ही दोन तर आहेतच. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे, जाड पुस्तक असतं, त्यात संलग्न कॉलेजं, अभ्यासक्रम, नियम सगळं. अधिसभा, विद्या परिषद, अभ्यासमंडळ यांची इतिवृत्तं सभा विभागात बांधून ठेवलेली असतात, तिथल्या क्लार्कशी नीट बोला, चहा घ्या, घाईत जाऊ नका. सरकारी बाजूसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, तिथे शिक्षणखात्याच्या फायली आणि डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शनचे, म्हणजे तेव्हाच्या शिक्षणसंचालकांचे, वार्षिक अहवाल बघायचे.

पण माझ्या मते खरा खजिना विभागाच्या स्वतःच्या स्टोअररूममध्ये असतो आणि तो दर दोन-तीन वर्षांनी रद्दीत जातो. तिथली ही रजिस्टरं आधी ताब्यात घ्या:

– ग्रंथालयाची दाखल नोंदवही. पहिली शंभर पुस्तकं कुठली घेतली, कुठल्या भाषेतली, किती रुपयांना, यावरून विभागाने स्वतःला काय समजून सुरुवात केली ते दिसतं. आमच्याकडे पहिल्या पानावर सगळी इंग्रजी होती, मराठी पुस्तक आलं ते थेट तिसऱ्या पानावर.

– डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. याला कुणी इतिहासाचं साधन मानत नाही पण मी म्हणते यासारखं दुसरं नाही. एपिडायस्कोप, मॅजिक लँटर्न, स्लाईड प्रोजेक्टर, टेपरेकॉर्डर, ओव्हरहेड प्रोजेक्टर, मग व्हिडिओ कॅमेरा, मग पहिला कॉम्प्युटर, प्रत्येकाची खरेदीची तारीख आणि निर्लेखनाची, म्हणजे बाद करून नोंदीतून काढल्याची, तारीख. शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अख्खा पेपर त्या एका रजिस्टरमध्ये आहे. काही वस्तूंची खरेदी आणि निर्लेखन यांच्यात वीस वर्षांचं अंतर होतं आणि दुरुस्तीची नोंद एकही नाही, तेही लिहा, ते पण इतिहासच.

– हजेरीपट आणि आवक-जावक. विद्यार्थी कुठून यायचे, बायका किती होत्या, किती जण प्रतिनियुक्तीवर आलेले नोकरीतले शिक्षक होते हे इथूनच कळतं.

जुन्या प्रबंधांचे ऋणनिर्देश वाचायला विसरू नका. प्रबंधाचं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण ऋणनिर्देश वाचाच, तिथे विभागप्रमुख कोण होते, मार्गदर्शक कोण, टायपिंग कुणी केलं, कुठल्या शाळेने चाचणी घेऊ दिली, ग्रंथपाल कोण, सगळं तारखेसकट मिळतं. अलीकडचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतात, जुने मात्र लायब्ररीत जाऊनच. नॅकसाठी, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी, लिहिलेले स्वमूल्यमापन अहवालही बघा पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, एका वर्षीची चूक पुढच्या प्रत्येक अहवालात कॉपी होत जाते. आमच्या एका माजी प्रमुखांचं आडनाव असंच तीन अहवालांत चुकीचं छापलं गेलंय.

कागद दिला नाही कुणी तर माहिती अधिकार आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, ३० दिवसांत उत्तर. आणि वीस वर्षांपेक्षा जुनी माहिती द्यायला नाही म्हणण्याची बहुतेक कारणं कायद्यानेच काढून घेतली आहेत, ते कलम ८(३) बघून ठेवा. पण हा शेवटचा मार्ग. पहिल्या दिवशी अर्ज टाकलात तर पुढे कुणी कपाट उघडून देणार नाही.

पाठ टाचणं: इथे वेळ घालवा

आता माझ्या अगदी जिव्हाळ्याचा भाग. इतिहासाचा विभाग असो की केमिस्ट्रीचा, तिथले विद्यार्थी परीक्षा देतात आणि जातात. शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी मात्र पाठ घेतो, आणि प्रत्येक पाठाचं टाचण, म्हणजे तो तास कसा घ्यायचा याचं लेखी नियोजन, लिहितो, आणि त्यावर मार्गदर्शक लाल शाईने शेरा मारतो. म्हणजे पन्नास वर्षं वर्गात काय चाललं होतं याचा हाताने लिहिलेला पुरावा तयार होत होता! आणि तो आपण रद्दीवाल्याला किलोवर दिला. मला याचं खरंच वाईट वाटतं. विभागात टाचणवह्या मिळणार नाहीत, त्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी माळ्यावर मिळतील. मला पहिली मिळाली ती एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या ट्रंकेत, १९६८ ची, भूगोलाची, कव्हरला वर्तमानपत्र घातलेलं, आणि आत एका शेऱ्यात लिहिलेलं, "फळ्याकडे तोंड करून बोलू नये. नकाशा उत्तम." तो शेरा वाचून दाखवताना सरांचा आवाज बदलला, पंचावन्न वर्षांनंतर.

ही टाचणं वाचायची कशी? जमिनीचे थर बघतात ना तसं. एकदा सवय झाली की साल लिहिलेलं नसलं तरी दशक ओळखता येतं.

सगळ्यात खालचा थर हर्बार्ट या शिक्षणतज्ज्ञाचा. प्रस्तावना (तिच्यातच हेतुकथन), विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन अशा पायऱ्या, हर्बार्टची पंचपदी म्हणून आपण पाठ केलेली. हा जर्मन माणूस १८४१ मध्ये वारला आणि सव्वाशे वर्षांनी आपल्या तालुक्याच्या गावातला छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, सातवीच्या वर्गात "आज आपण ... शिकणार आहोत" असं हेतुकथन त्याच्या पद्धतीने फळ्यावर लिहीत होता. त्यावर साठच्या दशकापासून उद्दिष्टांचा थर येतो. ब्लूमचं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६ चं, ते इकडे पोचल्यावर टाचणाच्या कागदाला रकाने पडले, उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे, ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, "विद्यार्थी फरक सांगतो", "विद्यार्थी कारणे देतो" अशी वाक्यं सुरू झाली. टाचण लिहिणाऱ्याची नजर बघा कशी हलली, आधी "मी काय शिकवणार" होतं, आता "विद्यार्थी काय करेल" आलं, निदान कागदावर तरी.

त्यानंतर सूक्ष्म अध्यापन, म्हणजे शिकवण्याचं एकेक कौशल्य सुटं काढून सराव करणं. अमेरिकेत स्टॅनफर्डला साठच्या दशकात निघालेलं, आपल्याकडे सत्तरच्या दशकात बडोदा, इंदूर, एनसीईआरटी असं करत आलं. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न कौशल्य, चेतक बदल (आवाज, हालचाली बदलत राहणं), प्रबलन (शाबासकी), फलक लेखन, एकेका कौशल्याचा सहा मिनिटांचा पाठ. आपल्याकडच्या चक्राचा हिशोब ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना झोपेतही येईल: पाठ ६, प्रत्याभरण (फीडबॅक) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६, एकूण ३६ मिनिटं. वर्गात मुलं नसायची, आपलेच मित्र-मैत्रिणी विद्यार्थी बनून बसायचे. या काळातल्या टाचणांबरोबर निरीक्षण तक्ते मिळतात, फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणाचे, म्हणजे वर्गात शिक्षक किती बोलतो आणि मुलं किती याच्या नोंदींचे, कागद मिळतात, आणि डेडस्टॉकमध्ये टेपरेकॉर्डर याच सुमाराला येतो, दोन्ही जुळवून बघा.

मग अध्यापन प्रतिमाने, म्हणजे शिकवण्याचे ठरावीक नमुने, संकल्पना प्राप्ती, अग्रत संघटक वगैरे. मग आशययुक्त अध्यापन, ही आपल्या महाराष्ट्रातल्या बी.एड.ची खास ओळख, विषयाचा गाभा आणि पद्धत वेगळी काढायची नाही असा आग्रह. मग २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद, मूल स्वतःच ज्ञान रचतं हा विचार, आणि टाचणातले शिक्षक-कृती आणि विद्यार्थी-कृतीचे रकाने अचानक उलट वजनाचे झाले. आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा शाळेत राहण्याचा काळ वाढला, छात्रसेवाकालाची आंतरवासिता (इंटर्नशिप) झाली, वह्या जाड झाल्या. एकाच विषयाची, शक्यतो एकाच पाठाची, वेगवेगळ्या दशकांतली पाच टाचणं शेजारी शेजारी छापा. आम्ही "जलचक्र" घेतलं. त्या दोन पानांवर जितके फोन आले तितके बाकी अख्ख्या अंकावर मिळून आले नाहीत.

सराव शाळांनाही विचारा, त्यांच्या बाजूने हा इतिहास वेगळा दिसतो. वर्षातला महिना-दीड महिना त्यांचे वर्ग आपले छात्राध्यापक घेत होते, नंतर शाळेच्या शिक्षकांना पोर्शन पुन्हा घ्यावा लागायचा. एका शाळेच्या जुन्या लॉगबुकात तसं स्पष्ट लिहिलेलं मिळालं आम्हाला. ते आम्ही छापलं. विभागातल्या काहींना आवडलं नाही पण मला ते छापायला हवंच होतं असं आजही वाटतं, कोठारी आयोग "शाळांपासून तुटलेलं" म्हणाला होता त्याचा हा आपल्या गावातला पुरावा आहे.

माणसांशी बोलताना

"तुमच्या आठवणी सांगा" असं विचारू नका. भाषण मिळतं. त्यापेक्षा बारीक विचारा, पहिला सराव पाठ कुठल्या शाळेत, कुठल्या इयत्तेला, साडी कुठली नेसली होतीत, सर मागच्या बाकावर बसले की दाराशी उभे राहिले, जेवायचा डबा कुठे खाल्लात. एक बाई म्हणाल्या काही आठवत नाही, मग मी डब्याचं विचारलं आणि पुढचे दोन तास त्या बोलत होत्या, होस्टेल, रजेशिवाय आलेली प्रतिनियुक्ती, सासरी ठेवलेलं तान्हं मूल, सगळं.

फोनवर रेकॉर्ड करा पण आधी विचारून, आणि फोन फ्लाईट मोडवर टाका नाहीतर मध्येच कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. सुरुवातीला आपण स्वतः तारीख, ठिकाण आणि समोरच्याचं नाव बोलून घ्या. जुने ग्रुप फोटो सोबत न्या, माणसं फोटो बघून बोलतात, आणि कोण कुठे उभं आहे ते तिथल्या तिथे पेन्सिलीने मागे लिहून घ्या. फक्त प्रोफेसरांकडे जाऊ नका. आमच्या विभागाची सगळ्यात खरी कालगणना सांगितली ती तीस वर्षं सेवा केलेल्या शिपाईमामांनी, कुठलं कपाट कधी कुठून कुठे हललं त्यावरून. टंकलेखक, सायक्लोस्टाईल चालवणारे, ग्रंथालय परिचर, यांची नावं अहवालांत नसतात, तुम्ही नाही लिहिली तर ती कायमची गेली.

सांगणाऱ्यांत फरक पडला तर दोन्ही द्या. आणि नेमणुकीचे वाद, कोर्टकज्जे हे असतातच, त्यात इतिवृत्तात जे आहे तेवढंच लिहायचं, ऐकीव नको. गुणपत्रकं, जातीचे दाखले, आजारपणाच्या रजेचे अर्ज असलं काही सापडलं तर ते छापायचं नाही, मोजणीसाठी वापरा, नावं झाका.

लिहिताना

विभागप्रमुखांच्या नावाने प्रकरणं पाडू नका, ही माझी कळकळीची विनंती. "डॉ. अमुक यांची कारकीर्द" असं आठ वेळा आलं की वाचणाऱ्याला वाटतं विभाग म्हणजे आठ खुर्च्या. प्रमुखांची यादी शेवटी तारखांसकट द्या. प्रकरणं प्रश्नांवर करा: इथे कोण शिकायला आलं? काय शिकवलं गेलं आणि ते कधी बदललं? संशोधन कशावर झालं, शिक्षक-विद्यार्थी प्रमाणावर, आश्रमशाळांवर, की फक्त "अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीचा अभ्यास" हेच दोनशे वेळा? शाळांशी नातं कसं होतं? बाहेरचे नियम कधी बदलले? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे कारण एनसीटीईचा, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, कायदा १९९३ चा, परिषद प्रत्यक्ष कामाला लागली १९९५ मध्ये, त्यानंतर तुकडीत किती विद्यार्थी, किती प्राध्यापक, किती जागा हे विद्यापीठाबाहेर ठरायला लागलं. आमच्या कागदांमध्ये ९५ च्या आधीची आणि नंतरची पत्रं वाचली तर भाषाच वेगळी आहे, आधी "विभागास योग्य वाटते" आणि नंतर "मानकांनुसार".

प्रत्येक वाक्य कुठल्या कागदावरून आलं ते स्वतःजवळ लिहून ठेवा, एक साधी एक्सेल शीट पुरते. छापताना सगळं देऊ नका पण कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

स्कॅनिंगसाठी चांगला फोनही चालतो, पान सपाट, खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. फाईलचं नाव आधी साल मग प्रकार मग क्रमांक, "१९७४-इतिवृत्त-०३" असं, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. ओरिजिनल ज्याचं त्याला परत करा, तारीख घालून सही घ्या. हे सगळं उन्हाळ्यात करा, जूनमध्ये स्टोअररूम उघडली की कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई उचलते, आमचं एक अख्खं वर्षाचं हजेरीपट असं गेलं.

अंक छापून झाला की खोकी परत स्टोअरमध्ये टाकू नका. ग्रंथपालांना भेटून त्या सगळ्या रजिस्टरांना, टाचणवह्यांना, रेकॉर्डिंगच्या पेनड्राईव्हला रीतसर दाखल क्रमांक घ्या, कारण दाखल क्रमांक असलेली वस्तू निर्लेखनाच्या ठरावाशिवाय कुणाला फेकता येत नाही. आमच्या पहिल्या खोक्याला क्रमांक पडला तेव्हा त्यात अकरा टाचणवह्या होत्या, आता सदतीस आहेत, लोक अजून आणून देतायत.